दोन दीपगृहांमधली वाळू

वाळूत चालणे माणसाला जास्त महाग पडते की धावणे? बहुतेक जण ‘धावणे’ असेच उत्तर देतील. १९९८ साली बेल्जियममधल्या लेजन, विलेम्स आणि हेग्लुंड या तीन संशोधकांनी माणसांना वाळूवर चालवून आणि धाववून त्यांची किती ऊर्जा खर्च होते ते मोजले. टणक जमिनीच्या तुलनेत वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली. धावण्याचा खर्च १.६ पटच वाढला. धावणे मुळातच जास्त खर्चाचे, हे खरे. पण वाळूचा दंड चालणाऱ्याला अधिक बसतो. पाऊल टेकले की वाळू बाजूला सरते, टाच मागे घसरते आणि शरीर पुढे ढकलण्यासाठी केलेल्या श्रमातला मोठा हिस्सा वाळूचे कण हलवण्यात जातो.

पाठीवर पाच-सहा दिवसांचे सामान असेल तर या आकड्यांचा अर्थ पोटऱ्यांना फार लवकर कळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पर्थपासून मोटारीने तीनेक तासांवर, वाळूसाठी ओळखली जाणारी एक पायवाट आहे. केप टू केप ट्रॅक असे तिचे नाव. उत्तरेला केप नॅचरलिस्टचे दीपगृह, दक्षिणेला केप लूविनचे, आणि मध्ये लूविन-नॅचरलिस्ट राष्ट्रीय उद्यानातून समुद्राला धरून जाणारी सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासची वाट. काही मैल झुडपी रानातून, काही कड्यावरून, थोडी उंच जंगलातून आणि बरीचशी थेट पुळणीवरून. डोंगर म्हणावा असा चढ कुठेही नाही. नकाशा पाहून सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती सोपी वाटेल. वाळू नकाशावर दिसत नाही.

ही वाळू आली कुठून, हे समजले की वाटेचे बाकी सगळे समजायला लागते. तळाशी आहे ग्नाइस हा अतिप्राचीन खडक. त्याचे काही भाग शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. शुगरलोफ रॉकपाशी, कॅनाल रॉक्सवर, रेडगेटच्या पुळणीवर तो गुलाबी-करडा होऊन उघडा पडतो. त्याच्यावर बसला आहे चुनखडक, आणि तो भूगर्भशास्त्राच्या हिशोबात अगदी कालचा. हिमयुगांमध्ये समुद्राची पातळी वर-खाली होत राहिली. शंख-शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने किनाऱ्यावर आणून टाकला, त्याच्या टेकड्या झाल्या, पावसाच्या पाण्यात चुना विरघळून पुन्हा गोठला आणि टेकड्यांचा दगड बनला. टमाला चुनखडक म्हणतात तो हाच. त्याच्या पोटात पाण्याने कोरलेल्या गुहा आहेत. तोच चुनखडक झिजून आणि नवा शिंपला भरडला जाऊन आजची वाळू होते. ग्नाइसवर पाऊल घट्ट बसते, चुनखडकावर बूट फाटतात, वाळूत पाय रुततो. तिन्ही प्रकार एकाच दिवसात भेटतात.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत या किनाऱ्याच्या पश्चिमेला समुद्र नव्हता, भारत होता. गोंडवन भूखंड फुटताना भारतीय भूभाग इथून सुटला आणि उत्तरेकडे निघाला. जो भाग या किनाऱ्याला चिकटलेला होता, तो पुढे आशियाच्या धडकेत हिमालयाच्या पलीकडे दबला गेला असे भूवैज्ञानिक मानतात. फुटण्याच्या त्या काळात वर आलेला बेसाल्ट बनबरी शहराच्या किनाऱ्यावर आजही दिसतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट याच्या निम्म्या वयाचा. पुढे निसर्गशास्त्रज्ञांनी २००० साली जगातल्या जैवविविधतेच्या पंचवीस संवेदनशील प्रदेशांची यादी केली, तेव्हा पश्चिम घाट व श्रीलंका आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया ही दोन्ही नावे तिच्यात होती.

कोकणात पुळणीवरून लांब चालायचे तर आपण ओहोटीची वेळ धरतो. पाणी मागे हटते, रुंद आणि कडक वाळू उघडी पडते, त्यावरून बैलगाडीही जाते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात हा हिशोब चालत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो आणि दिवसाला बहुधा एकच भरती येते. त्यामुळे ओहोटीची वाट पाहून फारसे हाती लागत नाही. पुळण किती रुंद मिळेल हे दूर दक्षिण महासागरातल्या वादळांनी धाडलेल्या लाटा ठरवतात. पुळण उतरतीही असते. कडक पट्टा मिळतो तो फक्त लाटेची जीभ नुकतीच परत गेलेली असते तिथे. ओल्या कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि कण एकमेकांना धरून ठेवतात. फार ओली झाली की तीच वाळू पुन्हा ढिली पडते. उत्तरेकडून दक्षिणेला चालणाऱ्याच्या उजव्या हाताला समुद्र असतो, म्हणून उजवे पाऊल सतत खालच्या अंगाला पडते. बोरानपपासून हॅमलिन बेपर्यंतची पुळण किंवा पुढची डीपडीनची पुळण संपेपर्यंत घोटा आणि गुडघा ही तिरपी चाल सोसत राहतात.

धावणारे या वाटेवर येतात ते हे ओळखूनच. हॅमलिन बेहून उत्तरेकडे निघणारी मार्गारेट रिव्हर अल्ट्रा मॅरेथॉन ऐंशी किलोमीटरांची आहे; ती एकट्याने किंवा गटाने टप्पे वाटून घेऊन धावता येते. तिचा बराच भाग याच वाटेवर पडतो. अनुभवी धावपटू पुळणीवर पावले आखूड आणि जलद टाकतात, टाचेने जोर देत नाहीत आणि बुटावर कापडी गेटर चढवतात, म्हणजे वाळू आत शिरून फोड येत नाहीत. वर दिलेल्या संशोधनाच्या आधाराने कुणी म्हणेल, मग धावतच जावे. मला ते पटत नाही. मऊ वाळूत स्नायूंवर पडणारा ताण वेगळाच असतो, आणि ज्याचे पाय तिला सरावलेले नाहीत त्याची पोटरी किंवा टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी दगा देते. शिवाय धावणाऱ्याच्या नजरेतून या वाटेवरचे सर्वांत मोलाचे ते निसटते. ते म्हणजे झुडपे.

गुडघ्याएवढे, खारा वारा खाऊन एका बाजूला कललेले हे रान पहिल्यांदा पाहणाऱ्याला रुक्ष वाटते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच फुलते. इथले मूळ रहिवासी वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांतला जिल्बा संपून कंबरांग सुरू होतो, तेव्हा बँक्सिया, स्पायडर ऑर्किड आणि कितीतरी रानफुले एकदम दिसू लागतात. वाऱ्याआड पेपरमिंटची झाडी आहे. तिच्यात वेस्टर्न रिंगटेल पॉसम राहतो, ज्याचे नाव अत्यंत धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वसंतात कड्यावरून देवमासे दिसतात. हंपबॅक देवमासे पिल्लांसह दक्षिणेकडे निघालेले असतात.

ही भूमी वाडांडी नूंगार लोकांची. वाटेपासून आत असलेल्या डेव्हिल्स लेअर या गुहेत माणसाच्या वावराचे सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. त्या मानाने दोन्ही टोकांची युरोपीय नावे अगदी अलीकडची: लूविन हे १६२२ साली इथून गेलेल्या डच जहाजाचे नाव मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ मध्ये भूशिराला दिले, आणि नॅचरलिस्ट हे त्याच वर्षी आलेल्या बोदँच्या फ्रेंच मोहिमेतले जहाज.

रेडगेटच्या पुळणीवर पोचल्यावर एक प्रसंग आठवायलाच हवा. १ डिसेंबर १८७६ रोजी जॉर्जेट नावाची आगबोट इथे उथळ पाण्यात अडकली. तिच्यावर जवळजवळ पन्नास माणसे होती. सॅम आयझॅक्स या आदिवासी गुराख्याने ती पाहिली आणि घराकडे धाव घेऊन खबर दिली. मग तो आणि सोळा वर्षांची ग्रेस बसेल घोडे घेऊन थेट फेसाळत्या लाटांत शिरले आणि माणसांना किनाऱ्यावर आणत राहिले. ग्रेसला रॉयल ह्युमेन सोसायटीचे रौप्यपदक मिळाले, आयझॅक्सला कांस्यपदक. वाटेवरचे ग्रेसटाउन हे गाव तिच्या नावाने ओळखले जाते. समोरच्या खडकाला आयझॅक्सचे नाव आहे. लाटांमध्ये दोघांनी पत्करलेला धोका सारखाच होता. पदके सारखी नव्हती, आणि हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

त्याच ग्रेसटाउनजवळ २७ सप्टेंबर १९९६ रोजी शाळेच्या सर्फिंग स्पर्धेच्या वेळी चुनखडकाचा कडा कोसळला आणि नऊ जणांचा जीव गेला. त्यांत चार मुले होती. वाळूपासून बनलेला दगड आतून पोखरलेला असतो. उन्हात त्याची सावली कितीही हवीशी वाटली तरी त्याखाली बसू नये, आणि वर चालताना काठावर जाऊ नये. खालच्या खडकांवर अचानक येणाऱ्या मोठ्या लाटांनीही या किनाऱ्यावर माणसे ओढून नेली आहेत.

बोरानपला समुद्र मागे पडतो आणि वाट करी वृक्षांच्या जंगलात शिरते. सरळसोट पांढुरकी खोडे, काही साठ मीटरांपर्यंत गेलेली. हे जंगल आदिम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एम. सी. डेव्हीस यांच्या कंपनीने इथली झाडे सरसकट तोडली आणि हॅमलिन बेच्या धक्क्यावरून लाकूड परदेशी पाठवले. लंडनच्या रस्त्यांवर त्याचे ठोकळे बसले. आज दिसते ते त्यानंतर आपसूक उगवलेले, शंभर-सव्वाशे वर्षांचे रान आहे. हॅमलिन बेला त्या धक्क्याचे खांब पाण्यात अजून उभे आहेत. तोडलेले जंगल मोकळे सोडले तर काय होते याचा इतका ठळक पुरावा मला दुसरा माहीत नाही.

वाळूवरची वाट माणसांनी सतत राखली नाही तर नाहीशी होते. टेकडी सरकते, पायऱ्या गाडल्या जातात, झुडपे दोन्ही बाजूंनी मिळतात. १९९८ मध्ये फ्रेंड्स ऑफ द केप टू केप ट्रॅक ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली, २००१ मध्ये पूर्ण वाट खुली झाली, आणि तेव्हापासून वाढलेले छाटण्याचे व खचलेले सावरण्याचे काम उद्यानाच्या कर्मचाऱ्यांबरोबर हे लोक करत आले आहेत. माउंट डकवर्थ, मोझेस रॉक, एलन्सब्रुक आणि डीपडीन इथे चालणाऱ्यांसाठी साधे तळ आहेत: तंबूची जागा, शौचालय, पावसाच्या पाण्याची टाकी. त्या टाकीतले पाणी शुद्ध करूनच प्यावे आणि ती भरलेली असेलच असे धरू नये. शेकोटी पेटवायची नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये याच उद्यानात मुद्दाम लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली आणि मार्गारेट रिव्हर गावाजवळची तीसहून अधिक घरे जळाली. २०२१ च्या डिसेंबरातही मोठा वणवा झाला. मार्गारेट नदीच्या मुखाशी उन्हाळ्यात वाळूचा बांध असतो आणि पायी ओलांडता येते. पावसाळ्यानंतर बांध फुटलेला असला की लांबचा वळसा पडतो.

एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. मातीत राहणारा, बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव मुळे कुजवतो आणि बँक्सियासारखी झाडे मारतो. डायबॅक म्हणतात त्या रोगाला. तो पसरतो बुटांना चिकटलेल्या ओल्या मातीतून. किनाऱ्याच्या चुनखडी वाळूत त्याचा जोर कमी, पण वाट आतल्या मातीतूनही जाते, आणि एकदा शिरलेला रोग तिथून काढता येत नाही.

पर्थला नातेवाईक असलेल्या मराठी घरांतून दरवर्षी कुणीतरी तिकडे जाते आणि मार्गारेट रिव्हरची द्राक्षबागा-चॉकलेटची सहल करून परतते. त्यांना सांगणे इतकेच: सप्टेंबर किंवा ऑक्टोबर धरा, निदान दोन दिवस काढा आणि केप नॅचरलिस्टहून यालिंगपपर्यंतचा पहिला चौदा किलोमीटरांचा टप्पा तरी पायी करा. पहिल्या खेपेला धावू नका. दिवसाला कोकणात जितके चालता त्याच्या दोन-तृतीयांशच धरा, पाणी स्वतःचे न्या, आणि विमानात बसण्यापूर्वी सह्याद्रीची माती लागलेले बूट तळव्यापर्यंत घासून, वाळवून मगच सामानात ठेवा.