उभा अशोक आणि रस्त्याची सावली



अरुंद रस्त्याच्या कडेला कोणतें झाड लावावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. अमेरिकेंत ऑलिव्हर फ्रीमन यांनीं १९३३ सालीं तांबडा व रुपेरी मेपल यांचा संकर घडवून आणला. अशा संकरजातींपैकीं खांबासारखे सरळ वाढणारे वृक्ष तेथील रस्त्यांवर लावतात. तो थंड हवेचा वृक्ष. आमच्या भोरांत तेंच काम उभा अशोक करतो.

हा खरा अशोक नव्हे. केशरी फुलांचा सीताअशोक शेंगांच्या झाडांच्या कुळांतला, हा सीताफळाच्या. याचीं फुलें फिकट हिरवीं असतात. पावसाळ्यांत जांभळट काळीं फळें पिकतात आणि कोकिळ व वटवाघुळें तीं खातात. याच्या सरळ खोडाच्या पूर्वीं जहाजांसाठीं डोलकाठ्या करीत. फांद्या खोडालगत खालीं झुकत असल्यामुळें विजेच्या तारांना व सज्जांना त्यांचा उपद्रव होत नाहीं. शिवाय झाड बारमाही हिरवें.

मग उणें काय? ऐका. शिक्षक असतांना शाळेच्या अंगणांत झाडें लावण्याचें काम मजकडे आलें. नीटनेटकें दिसेल म्हणून मीं उभ्या अशोकाच्या दोन रांगा लावल्या. कांहीं वर्षांत तीं झाडें छपराच्या वर गेलीं. परंतु चैत्राच्या दुपारीं मुलें मात्र पडवींतच दाटीवाटीनें बसत. एकानें विचारलें, "गुरुजी, या झाडाखालीं बसायचें कुठें?" मजपाशीं उत्तर नव्हतें. निमुळत्या झाडाची सावलीही निमुळती. मध्यान्हीं ती बुंध्यापाशींच आटते.

तात्पर्य, जागा पाहून झाड निवडावें. गल्ली अरुंद व वर तारा असतील, तेथें उभा अशोक योग्य. शाळा, बाजार, मोटारथांबा येथें करंज, कडुनिंब अथवा वड हवा. कोणतेंही झाड असो, बुंध्याभोंवतीं फरशी न बसवितां माती मोकळी ठेवावी, म्हणजे मुळांना पाणी व हवा मिळते. आणि नव्या रांगेसाठीं जुना डेरेदार वृक्ष तोडूं नये. १९७५ च्या कायद्यान्वयें नगरपालिकेच्या हद्दींत त्यासाठीं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

निवृत्तीनंतर मीं त्याच अंगणाच्या कोपऱ्यांत एक करंज लावला आहे. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास मला विलंब झाला; आपण तो करूं नये, इतकीच विनंती.