रिकव्हरी राईड: मोजतोय काय आणि सांगतोय काय?

टूर द फ्रान्समध्ये साधारण तीन आठवड्यांत 21 टप्पे असतात आणि मध्ये विश्रांतीचे दोन दिवस. गंमत म्हणजे त्या विश्रांतीच्या दिवशीही सायकलपटू सहसा तास-दोन तास सायकल चालवतात, अगदी सावकाश, गप्पा मारत. हीच रिकव्हरी राईड. पण दमलेल्या पायांना पुन्हा पॅडल का मारायला लावायचं?

ठरलेलं उत्तर तुम्ही ऐकलं असेल: "पायात साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं." संशोधनात उतरू पाहणाऱ्यांनी हे उत्तर जरूर तपासावं, कारण ते अर्धंच खरं आहे. जोरदार व्यायामानंतर नुसतं बसण्यापेक्षा हलकं पॅडलिंग केलं तर रक्तातलं लॅक्टेट लवकर उतरतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. पण नुसतं बसून राहिलात तरी ते साधारण तासाभरात मूळ पातळीजवळ येतंच. म्हणजे रविवारी घाट चढून सोमवारी हलकी राईड केलीत, तर तेव्हा काढून टाकायला जास्तीचं लॅक्टेट उरलेलंच नसतं! शिवाय ते कचराही नाही. जॉर्ज ब्रुक्स यांनी 1980 च्या दशकात 'लॅक्टेट शटल'ची कल्पना मांडली. हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात, हे त्यातून पुढे आलं.

मोजमाप बरोबर होतं, घसरला तो निष्कर्ष. लॅक्टेट मोजणं सोपं असतं. बोटातून रक्ताचा एक थेंब पुरतो. आपल्याला हवं असतं ते मात्र वेगळंच: उद्या हा खेळाडू किती जोर लावू शकेल? या कसोटीवर पूर्ण विश्रांतीच्या तुलनेत हलक्या राईडचा फायदा किरकोळ दिसतो, आणि तोही प्रत्येक अभ्यासात दिसत नाही.

मग ती करायचीच कशाला? उत्तर आठवड्याच्या हिशोबात आहे. जोरदार सरावात स्नायूंमधलं ग्लायकोजेन संपत येतं आणि ते भरून यायला पुरेसं खाऊनही साधारण एक दिवस लागतो. तासभर टिकवता येईल अशा कमाल पॉवरच्या 55 टक्क्यांखाली चालवलं, तर इंधनात चरबीचा वाटा मोठा राहतो आणि ग्लायकोजेन फारसं खर्च होत नाही. म्हणजे उद्याचा सराव न बिघडवता सायकलवरचा वेळ वाढतो. मात्र कुणी ओव्हरटेक केलं म्हणून त्याच्यामागे लागलात, की ना धड विश्रांती, ना धड सराव.

यावर प्रयोग आखायचा झाला तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. तुलना कशाशी: पूर्ण विश्रांतीशी की मध्यम राईडशी? मोजणार कधी: 20 मिनिटांनी की 24 तासांनी? आणि सायकलपटूला आपण काय केलं हे माहीत असणारच, मग "पाय मोकळे वाटतात" या उत्तराला किती वजन द्यायचं?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत जास्त निसटतो. 20 मिनिटांचा आकडा हातात असताना 24 तासांबद्दल बोललात, तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येईल. तीन वर्षांचा डेटा गोळा झाल्यावर त्याला उत्तर नसतं. आराखडा लिहितानाच ते शोधता येतं.