तरवारींची राणी

पुढें काय वाढून ठेवलें आहे हें जाणण्याची हौस मनुष्यमात्रास पूर्वापार आहे. कोणी पंचांग उघडतो, कोणी तळहात पुढें करतो, कोणी देवास कौल लावितो. अलीकडे या साधनांत ‘टॅरो’ नांवाच्या पाश्चात्य पत्त्यांची भर पडली असून, पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून, विशेषतः तरुण मंडळींत, त्यांचें कौतुक बरेंच दिसूं लागलें आहे. या पत्त्यांपैकीं एकाच पानाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें पान म्हणजे तरवारींची राणी. हें निघालें कीं सांगणाराचा आवाज खालीं येतो आणि ऐकणाराच्या मनांत ओळखीच्या कोणा तरी बाईची मूर्ति उभी राहते. ती नेमकी कोणाची, आणि तिचीच कां, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

टॅरोच्या गठ्ठ्यांत ७८ पानें असतात. पैकीं २२ पानें स्वतंत्र चित्रांचीं; उरलेलीं ५६ आपल्या नेहमींच्या पत्त्यांप्रमाणें चार रंगांचीं : दंड, प्याले, तरवारी व नाणीं. प्रत्येक रंगांत राजा, राणी, स्वार व हुजऱ्या अशीं चार, मिळून १६ दरबारी पानें येतात. आपल्या खेळांतील इस्पिक हा या तरवारींचाच भाऊबंद होय. इंग्रजींतील ‘स्पेड’ हें त्याचें नांव फावड्यावरून नव्हे, तर तरवारीच्या इटालियन नांवावरून पडलें आहे. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १० रंग व १२० पानें असतात, पण त्यांच्या दरबारांत राजा व प्रधान हे दोघेच. राणीस तेथें जागा नाहीं. राणी ही युरोपांतील पत्त्यांनीं घातलेली भर आहे.

आतां हे पत्ते भविष्यासाठींच निर्माण झाले, अशी जी समजूत आहे ती खरी नव्हे. इ. स. १४४० च्या सुमारास उत्तर इटलींत ते खेळण्यासाठीं निघाले, आणि पुढें तीनशें वर्षें लोक त्यांनीं खेळतच होते. १७८१ सालीं कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितानें हें प्राचीन मिसर देशाचें गुप्त ज्ञान असल्याची कल्पना मांडली. मिसरी चित्रलिपि शांपोलियोंने उलगडली ती १८२२ त. म्हणजे कल्पना मांडली गेली तेव्हां ती पडताळून पाहण्याचें साधनही कोणाजवळ नव्हतें. लगेच एतेया हें टोपणनांव धारण करणाऱ्या एका पॅरिसवासी गृहस्थानें प्रत्येक पानास भविष्याचा अर्थ लावून दिला, आणि तरवारींच्या राणीच्या वांट्यास ‘वैधव्य’ हा शब्द आला. फ्रेंच पत्ते पाहणारांत इस्पिकची राणी म्हणजे विधवा, असा संकेतच होता.

या राणीचा लौकिक पुढें आणखी काळवंडला. पुश्किन या रशियन लेखकाची ‘इस्पिकची राणी’ ही कथा १८३४ त प्रसिद्ध झाली. या पानाचा अर्थ गुप्त वैरभाव, असें तिच्या आरंभींच नमूद केलेलें आहे. कथेंत हर्मन नांवाचा तरुण जुगारांतील तीन पानांचें रहस्य काढून घेण्यासाठीं एका वृद्ध सरदारणीच्या शयनगृहांत मध्यरात्रीं शिरतो व पिस्तूल रोखतो. ती भयानें प्राण सोडते. पुढें खेळतांना त्याच्या हातीं एक्क्याऐवजीं इस्पिकची राणी येते; तिच्या मुद्रेंत त्यास ती म्हातारी दिसते, आणि तो भ्रमिष्ट होतो. शस्त्र उगारलें तें पुरुषानें, प्राण गेला तो म्हातारीचा, आणि वैरीण ठरली ती राणी! या पानाच्या अपकीर्तीचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें.

आज जीं चित्रें बहुतेकांच्या पाहण्यांत येतात, तीं १९०९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. आर्थर एडवर्ड वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीनें तीं काढलीं. तिची राणी सिंहासनावर एका बाजूस मुख करून बसली आहे. उजव्या हातांत सरळ उभी तरवार, डावा हात पुढें केलेला. मुकुटावर व आसनावर फुलपांखरें. खालीं ढग दाटलेले आणि वर एकटाच पक्षी. चेहरा कठोर, पण दुःखाची ओळख असलेला. वेट यांनीं अर्थ दिले ते वैधव्य, शोक, वियोग, वांझपण. आणि पान उलटें पडल्यास द्वेष, कपट, सोंवळेपणाचा ताठा. फुलपांखरांचा व त्या पुढें केलेल्या हाताचा या यादींत कोठें मागमूस नाहीं.

आणि गंमत अशी कीं, याच राणीचा दुसरा अर्थ त्याच काळीं, त्याच मंडळींत प्रचलित होता. लंडनमध्यें १८८८ त स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या संघाचे वेट व स्मिथबाई दोघेही सभासद होते. त्या संघाच्या टिपणांत ही राणी तीक्ष्ण निरीक्षणाची, चपळ बुद्धीची व आत्मविश्वासाची म्हणून वर्णिलेली आहे. शेजारचीं पानें प्रतिकूल असतील तरच ती क्रूर व कपटी. मात्र तिचें रूप अधिक भयंकर : एका हातांत तरवार, दुसऱ्यांत दाढीवाल्या पुरुषाचें नुकतेंच छाटलेलें मस्तक. १९३८ ते १९४३ या काळांत लेडी फ्रीडा हॅरिस यांनीं अलेस्टर क्राउली यांच्यासाठीं पत्ते रंगविले, त्यांत हेंच रूप आहे. आणि तेथें त्याचा अर्थ बुद्धीस भ्रमांतून मोकळी करणारी, असा होतो.

आमच्या वाचकभगिनींस तें चित्र पाहून फारसा धक्का बसूं नये. खड्ग व छिन्नमस्तक धारण करणारी कालीमाता आपण पिढ्यान्पिढ्या पुजीत आलों. तिचे उरलेले दोन हात अभय व वर देण्यासाठीं असतात, हें येथें लहान मुलासही ठाऊक असतें. या दोन मूर्तींचा ऐतिहासिक संबंध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उग्र रूप म्हणजे दुष्ट हेतु नव्हे, एवढी समज आपल्या संस्कारांत आहे. ती पत्त्यांपुढें बसतांना गुंडाळून कां ठेवावी?

जाणते पत्तेवाचक दरबारी पान तीन प्रकारें वाचतात. तें एकादी प्रत्यक्ष व्यक्ति दाखवील. विचारणाराच्याच स्वभावाचा एक पैलू दाखवील. किंवा प्रसंगास कसें सामोरें जावें ही रीत सुचवील. तरवारींचा रंग विचाराचा व वाणीचा मानला जातो. तेव्हां ही राणी ‘तुमच्या वाटेंत एक कडवट बाई आहे’ असें म्हणते, तितक्याच सहज ‘तुम्ही स्पष्ट बोला’ असेंही म्हणते. तीन वाटांपैकीं पहिलीच धरावयाची, आणि तींतही वाईटच अर्थ घ्यावयाचा, ही निवड पानाची नसते. ती माणसाची असते.

मग सांगितलेलें इतकें पटतें कसें? १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांस प्रत्येकाचें म्हणून एक स्वभाववर्णन दिलें. तें किती जुळतें यास पांचांपैकीं गुण द्यावयास सांगितलें, तेव्हां सरासरी चारांहून अधिक आली. वस्तुतः सर्वांस दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता, आणि तो बव्हंशीं बाजारांतील एका ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलेला! ‘घरांतील एक एकटी स्त्री तुमच्याविषयीं मनांत कांहीं ठेवून आहे’ हें वाक्यही त्याच जातीचें. चार माणसांच्या घरांत तें कोणावर तरी बसतेंच.

तें बसतें कोणावर, हें सांगणें नलगे. नवऱ्यामागें राहिलेली काकू, न लग्न केलेली आत्या, घटस्फोट घेऊन माहेरीं आलेली नणंद, किंवा जिला तोंडावर खरें बोलण्याची संवय आहे अशी थोरली जाऊ. धाकट्या सुनेच्या मनांत एकदां हा शब्द रुजला कीं काकूंचें मौन कपट ठरतें, आणि त्या बोलल्या तर तो द्वेष ठरतो. विधवेस अपशकुनी मानण्याची रूढि मोडण्यास या महाराष्ट्रांत केवढे श्रम पडले! १८५६ त पुनर्विवाहाचा कायदा झाला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ त विधवेशीं विवाह केला व १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला. तरीही कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीस विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो मे २०२२ मध्यें. जी समजूत पुढच्या दारानें घालविण्यास दीडशें वर्षें पुरलीं नाहींत, ती विलायती चित्राच्या पाठीवर बसून मागल्या दारानें घरांत येऊं नये, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

ज्यांस हौस आहे त्यांनीं पत्ते खुशाल मांडावे. चित्रें सुंदर आहेत आणि स्वतःच्या मनाशीं बोलण्यास तीं निमित्त होतात. परंतु ही राणी निघाली तर घरांत वैरीण शोधण्यापूर्वीं तिचा पुढें केलेला डावा हात एकदां नीट पाहावा. तसा हात आपल्या घरांत कोणी आपणांकडे केला आहे काय, आणि तिची दोन स्पष्ट वाक्यें आपण कडवट म्हणून टाळलीं काय, हें आठवून पाहावें. खेळ संपल्यावर पान पुन्हां गठ्ठ्यांत मिसळतें. काकूंस मात्र त्याच स्वयंपाकघरांत, त्याच माणसांत, उद्यां सकाळीं वावरावयाचें असतें.