मुळाशी (भाग ७) : उपळसरीचा चहा

गेल्या आठवड्यात ज्येष्ठमधाबद्दल लिहिताना म्हटलं होतं, की ते कितीही उकळलं तरी आपली गोडी सोडत नाही. आजचं मूळ अगदी उलट स्वभावाचं. उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ, संस्कृतात सारिवा. चहाच्या पातेल्यात ती आलं आणि चहापत्तीबरोबर खळाखळा उकळली जाताना दिसते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. घरभर दरवळ सुटतो, सगळे खूश होतात आणि कपात उरतं ते तपकिरी, तुरट पाणी. जो वास प्यायचा होता, तो वाफेबरोबर निघून गेलेला असतो.

पाऊस सरला की सह्याद्रीच्या उतारांवर, करवंदीच्या जाळीखाली, हा तारेसारखा बारीक वेल जमिनीलगत पसरलेला सापडतो. पानं समोरासमोर. अरुंद पानांच्या मधल्या शिरेवर बहुतेक वेळा पांढरट पट्टा असतो. पान खुडलं की दूध येतं. पण दूध कावळीच्या वेलालाही येतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. खरी खूण मातीखाली आहे. खुरप्याने माती सैल केली की साधारण पेन्सिलीएवढं जाड, काळपट तपकिरी, आडव्या चिरा पडलेलं मूळ हाती लागतं. नखाने साल खरवडून नाकाशी न्या. गोडसर, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा, किंचित कापराची झाक असलेला वास आला तर ती उपळसरी. वास नसेल तर ते मूळ चहात घालायचं नाही.

व्हॅनिलाची आठवण होते त्याला कारण आहे. उपळसरीतलं मुख्य सुगंधी द्रव्य हे व्हॅनिलिनचंच भावंड म्हणावं असं आहे. दोघांचे अणू तेच आणि तेवढेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. हे द्रव्य वाफेबरोबर सहज उडतं आणि ते असतं मुख्यतः सालीत. आतलं लाकूड जवळजवळ बिनवासाचं. काष्ठौषधींच्या दुकानात जाड, साल निघालेली मुळं दाखवली तर ती परत करा. बारीक आणि सालीसकट असलेलीच मागा.

आपल्या जुन्या वैद्यांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवून ठेवला आहे. शार्ङ्गधर संहितेत काढा, फांट आणि हिम हे तीन वेगळे प्रकार आहेत. काढ्यात औषधाच्या सोळापट पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं. फांटात चौपट उकळतं पाणी औषधावर ओतून गाळायचं. हिमात सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवायचं. उपळसरी अनेक काढ्यांतही पडते, तिथे तिच्याकडून वेगळं काम हवं असतं. पण ज्याला आपण चहा म्हणतो तो फांटच आहे, तेव्हा तो फांटासारखाच करावा.

घरी मी प्रमाण बरंच सौम्य ठेवते. वाळलेलं मूळ धुऊन, पुसून खलबत्त्यात ठेचायचं. पूड नको, साल फुटून मोकळी झाली की पुरे. एका कपाला एक चहाचा चमचा. पाणी वेगळं उकळून, गॅस बंद करून त्यावर ओतायचं आणि लगेच घट्ट झाकण ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. मग झाकण उचलताना त्याला आतून लागलेले थेंब कपातच झटका, वास त्यांतही असतो. खडीसाखरेचा खडा चालतो. आलं, वेलची मात्र नको. त्यांच्यापुढे हिचा आवाज ऐकूच येत नाही. वैशाखात मी हिम करते. रात्री मातीच्या भांड्यात भिजवायचं, सकाळी गाळून प्यायचं.

चरकाने सारिवेला दाह शमवणाऱ्या औषधांत घातलं आहे, सुश्रुताने तर तिच्या नावाचा गणच केला. उन्हाळी लागणं, अंगाची आग, त्वचेच्या तक्रारी यांसाठी ती परंपरेने दिली जाते. दक्षिणेत याच मुळाचं नन्नारी सरबत लिंबू पिळून पितात. इंग्रजांना तिच्यात अमेरिकेतल्या सार्सापरिलाचा पर्याय दिसला आणि 1864च्या ब्रिटिश औषधसंहितेत तिला जागा मिळाली. अधूनमधून कपभर चहा पिणं वेगळं आणि औषध म्हणून रोज घेणं वेगळं. गरोदर असाल किंवा कायमच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक कळकळीची विनंती. वेल दिसला म्हणून समूळ उपटू नका. एका बाजूचं मूळ घ्या, बाकीचं राहू द्या, माती पुन्हा दाबून बसवा. मुळाचा डोळा असलेला तुकडा खोल कुंडीत लावला तर तो फुटतो. माझ्या गॅलरीतल्या कुंडीत दोन वर्षांत वेल कठड्यापर्यंत आला आहे. मूळ अजून काढलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वाळा.