पाळीव जिवाची कायदेशीर किंमत

दाराशी राखण करणारा कुत्रा घरातलाच असतो. कायद्याच्या वहीत मात्र त्याची नोंद मालमत्तेच्या रकान्यात होते. त्याला ठार मारणे ही ‘आगळीक’ ठरते. जुन्या दंड संहितेत (कलमे ४२८ व ४२९) दहा आणि पन्नास रुपये किमतीची अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती उरली नाही; शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र १९६० च्याच भावात आहे : पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड! एवढ्यात आज पुण्यात धड नाश्ताही होत नाही.

मात्र हेतू सिद्ध व्हावा लागतो. मरीन ड्राइव्हवर दुचाकीच्या धडकेने कुत्रा दगावल्याचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला, वर शासनावर २०,००० रुपयांचा भुर्दंड बसवला.

म्हणून विषप्रयोगाचा संशय असल्यास दफनाची घाई करू नये. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, शासकीय पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करवून घ्यावे. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची नोंद मालकीचा पुरावा म्हणून जोडावी. क्रूरता कायद्याखालील खटला तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो.