पत्त्याची नोंद आणि पत्त्याची नीती

बुऱ्हाणपुरातील आमच्या छोट्या साहित्य मंडळाच्या मासिक बैठकीची निमंत्रणे मी ई-मेलने पाठवितो. मध्यंतरी सलग तीन महिने ती सदस्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत. सारी ‘स्पॅम’मध्ये पडून राहिली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने शोध घेतला, तेव्हा कारण कळले. आमची निमंत्रणे ज्या सर्व्हरवरून जात, त्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला होता. त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कुणी तरी भरमसाट जाहिराती धाडल्या होत्या. तक्रारीसाठी नोंदवहीत दिलेल्या ई-मेलवर लिहिले, तर पत्र परत आले. फोनही बंद. दाद कुणाकडे मागायची, हेच कळेना. या निमित्ताने मला जे समजले, ते येथे मांडतो.

संकेतस्थळाला नाव असते आणि क्रमांकही असतो. नाव माणसांसाठी, २०१४ पासून ते ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीतही घेता येते. यंत्रे मात्र एकमेकांना क्रमांकानेच ओळखतात. हा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता. त्याच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांना तोटा नाही. पण जुन्यांवाचून अजून भागत नाही. त्यामुळे त्यांना बाजारभाव आला आणि भावाबरोबर लबाडीही आली.

हे पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था जगात आहेत. आपल्या भागासाठी ‘एपनिक’ ही ब्रिस्बेन येथील संस्था आहे. भारतात २०१२ पासून ‘निक्सी’च्या अखत्यारीतील राष्ट्रीय नोंदणी संस्था हे काम पाहते. कोणता पत्ता कुणाकडे, हे त्यांच्या नोंदवहीत कुणालाही पाहता येते. आपल्याकडचा खसरा किंवा पलीकडे रावेरचा सातबारा, तसाच हा प्रकार.

फरक एवढाच, की जमीन मालकीची असते; पत्ता मालकीचा नसतो. तो गरज दाखवून, अटींवर वापरायला मिळतो. आपल्या कुंडी भंडाऱ्याशी त्याचे अधिक साम्य आहे. रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या योजनेत सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने एका कुंडीतून दुसरीत वाहत शहरात येई. वरच्या कुंडीत कुणी घाण केली, तर खालच्या साऱ्यांचे पाणी नासणार. आमच्या निमंत्रणांचे तेच झाले.

मग नियम मोडणाऱ्याला आवरायचे कसे? नोंदणी संस्थेकडे पोलीस नाहीत. तिच्या हाती नोंद आहे, तेवढेच. गैरवापराच्या तक्रारींसाठी दिलेला ई-मेल चालू आहे की नाही, हे एपनिक दर सहा महिन्यांनी पडताळते. खोटी माहिती देऊन पत्ते घेतले असतील, तर ती परत घेऊ शकते. पत्ते दुसऱ्याला दिले, तर तसा फेरफार नोंदवावा लागतो. तरीही कोणत्या पत्त्याला वाट द्यायची, हे शेवटी प्रत्येक जाळ्याचा चालक स्वतः ठरवतो. त्याचा विश्वास असतो तो नोंदवहीवर. नोंदच खोटी निघाली, तर या व्यवस्थेला दुसरा आधार नाही.

अंमलबजावणी किती अवघड असते, हे आफ्रिकेत दिसले. तेथील नोंदणी संस्थेने एका कंपनीला दिलेले सुमारे ६२ लाख पत्ते, ठरल्याप्रमाणे वापरले जात नाहीत म्हणून, परत घ्यायचे ठरवले. कंपनी मॉरिशसच्या न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये नोंदणी संस्थेचीच बँक खाती गोठवली गेली. एका खंडाची नोंदवही सांभाळणाऱ्यांना पगार देणेही कठीण झाले.

आमच्या तक्रारीला उत्तर आले नाही. आम्ही सर्व्हर बदलला. नव्या ठिकाणी जाताना मंडळाच्या संकेतस्थळाच्या नावाची नोंद उघडली, तर संपर्कासाठी आमच्या जुन्या सचिवांचा, केव्हाच बंद पडलेला फोन क्रमांक होता. आमच्यामुळे कुणाला त्रास झाला असता, तर त्यालाही कुणी भेटले नसते. त्याच संध्याकाळी मी ती नोंद दुरुस्त केली. ज्यांच्या शाळेचे, संस्थेचे वा नियतकालिकाचे संकेतस्थळ आहे, त्यांनीही आपली नोंद एकदा उघडून पाहावी.