नवरंगाचा मुक्काम

मे अखेरीस किंवा ऑक्टोबरात भूगाव-पिरंगुटकडच्या एखाद्या सोसायटीच्या बागेत नवरंग उतरतो आणि ‘दुर्मीळ पक्षी आला’ अशी बातमी होते. वस्तुतः तो दरवर्षीचा वाटसरू. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो विणीसाठी उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जातो. काही जोड्या पावसाळ्यात सह्याद्रीतच घरटी करतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याचे नाव ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी.

त्याचा प्रवास रात्री चालतो. प्रखर दिव्यांनी तो भरकटतो, काचांवर आदळतो आणि थकून मिळेल त्या झाडाखाली थांबतो. पालापाचोळा उलथून किडे टिपणे ही त्याची रीत. झाडून लख्ख केलेल्या बागेत तो उपाशीच राहतो.

दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून थिरथिरा आणि हिरवट वटवट्या येतात. पहिला शेपटी थरथरवीत कुंपणावर बसतो, दुसरा झाडांच्या शेंड्यांत किडे शोधतो. हे छोटे गायक महिनोन्महिने राहतात.

मुळशीत माळ आणि टेकड्यांवर घरे वाढत आहेत. पाहुण्यांसाठी आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत: झाडाखालचा पाचोळा न जाळणे आणि रात्री गच्चीवरचे दिवे मालवणे.